ऐकून घेणाऱ्यांची खोली

मी समितीत गेलो तो रागानं. माणसं समित्यांमध्ये सेवाभावानं जातात असं म्हणतात, ते साफ खोटं आहे. काही फोटोसाठी जातात, काहींना घरात कुणी बसू देत नाही म्हणून जातात, आणि माझ्यासारखा एखादा दुसऱ्यांना साधं काम जमत नाही हे बघून पेटतो आणि "बस्स, मी करतो" असं म्हणून बसतो. या तीन शब्दांनी जेवढी घरं बसली तेवढी भूकंपानं बसली नसतील.

माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, समुपदेशक आहे. लोक येतात, समोर बसून मनातलं सांगतात, ती ऐकते. पन्नास मिनिटं. एकावन्नावं मिनिट तिच्या घड्याळात नाही. तिचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि तो एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत चालायचा. या जागेचा फायदा असा की जिन्यात कुणी ओळखीचं भेटलंच तर गालावर हात ठेवून "दात" म्हणायचं आणि सुटायचं. दाताबद्दल कुणी पुढे विचारत नाही. मनाबद्दल मात्र सगळे विचारतात, आणि विचारून झाल्यावर चारचौघांत वाटतात.

तर या दंतवैद्याला दुसरी खुर्ची टाकायची होती. महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करा, म्हणाला. मेहुणीनं तीसेक जागा पाहिल्या. कुठं भिंत पातळ, कुठं मालक पातळ. नाहीच मिळाली तर एका कंपनीच्या तक्रारकक्षात नोकरी तयार होती. तिथंही ऐकायचंच असतं, पण माणशी दीड मिनिट.

"आणि तुझ्याकडे येणारी माणसं?" मी विचारलं.

"बावीस आहेत, भावजी. त्यातली पंधरा दुसरीकडे जातील. सात जण पुन्हा पहिल्यापासून कुणाला काही सांगणार नाहीत. ते घरी बसतील."

घरी बसतील हे तिनं अशा आवाजात सांगितलं की मी पुढचं विचारलं नाही. मी न विचारणं ही आमच्या घरात नोंद घेण्यासारखी घटना आहे.

तिच्यासारख्या एकेकट्यानं व्यवसाय करणाऱ्यांची एक समिती आहे. कल्पना उत्तम आहे. मास्तरांना मास्तरांची खोली असते, डॉक्टरांना रुग्णालय असतं. ही माणसं दिवसभर एकटी बसून जगाचं रडणं ऐकतात आणि संध्याकाळी त्यांचं ऐकायला चिटपाखरू नसतं. म्हणून महिन्यातून एकदा जमायचं, एकमेकांना आधार द्यायचा, आजारपणात मदत करायची, जागा शोधायची. दोष एवढाच की समितीत सगळे समुपदेशकच.

मी त्या दिवशी मेहुणीला फक्त सोडायला गेलो होतो. बाहेर ऊन होतं म्हणून आत टेकलो. आठ जण गोल करून बसलेले. विषय एकच: तिघांच्या जागा सुटताहेत, तर मिळून एक खोली घ्यावी का? हो किंवा नाही. मी तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. आमच्याकडे याला दोन मिनिटं लागली असती, त्यातलं एक चहा सांगायला. इथं पाऊण तास झाला तरी माल तराजूत पडेना.

एक बाई म्हणाल्या, "खोली हा शब्द ऐकल्यावर माझ्या आत काय होतंय ते मी आधी बघते."

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही थांबून बघताय, याचा मला आदर वाटतो."

"तुम्हाला आदर वाटला हे माझ्यापर्यंत पोचलं."

"हं," असं एक पिकल्या केसांचे ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले. बैठकीत ते एवढंच म्हणतात. मी त्यांना मनातल्या मनात हुंकारकाका म्हणू लागलो. त्यांनी हं केलं की बाकीचे सात मान डोलावत, जणू शिलालेख वाचून दाखवला.

शेवटी मेहुणीनं विचारलं, "मग खोली कोण शोधणार?"

आणि शांतता पसरली. मी कचेरीतली शांतता ओळखतो, स्मशानातलीही ओळखतो. ही धंद्यातली शांतता होती. आठही जण दुसऱ्याला आधी बोलू देण्यात तरबेज. जो पहिला तोंड उघडेल तो पेशंट. बिनसरावाचा त्या खोलीत मी एकटाच. दहा सेकंद कळ काढली आणि तोंडातून निसटलंच, "बस्स, मी करतो."

"तुम्हाला हे करावंसं वाटलं," हुंकारकाका म्हणाले. त्या महिन्यातलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. अशा रीतीनं मी स्वयंसेवक झालो.

घरी येताना मला पंख फुटले होते हे कबूल करतो. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती आणि तपासायला घरातले डबे सोडून काही उरलं नव्हतं. बायको म्हणाली, "खोली कुठून आणणार?"

"आणणार कशाला? खाली पडली आहे."

आमच्या चार मजली इमारतीच्या तळाशी एक बंद खोली आहे. कोणे एके काळी तिथं टेबल टेनिस चालायचं. आता त्यात मोडकं टेबल, गंजलेल्या चार सायकली, पाण्याच्या टाकीचं एक झाकण आणि कुणीतरी ठेवून विसरलेला पाळणा होता. दहा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी सोसायटीला पत्र दिलं की आठवड्यातले पाच दिवस ही खोली समितीला भाड्यानं द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं की त्या खोलीवर चोवीसही बिऱ्हाडांचा जीव आहे. कुणाला तिथं व्यायाम करायचा होता, कुणाला वाचनालय काढायचं होतं, आणि ज्याची सायकल सर्वांत जास्त गंजली होती तो म्हणाला की मी ती उद्यापासून चालवणारच होतो.

सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "त्यापेक्षा झेरॉक्स काढा, चालेल." लिफ्टमध्ये भेटलेल्या वहिनी म्हणाल्या, "ऐकून घ्यायचं एवढं काय शिकायचं असतं हो? मी सासूबाईंचं बावीस वर्षं ऐकतेय, मला कुणी प्रमाणपत्र दिलं?" मी म्हटलं, द्यायला हवं होतं. त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, "पण वेडी माणसं येतील ना इमारतीत." मी म्हटलं, "वहिनी, इमारतीत आहेत ती कुठली?" लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, त्या पाचव्या जन्मापर्यंत बोलणार नाहीत अशा चेहऱ्यानं उतरल्या. माझं हे असं आहे. जिभेला हाड नाही आणि निरीक्षकाची सवय. कुणाच्या पारड्याखाली लपवलेला पासंग दिसला की मी बाजाराच्या मधोमध ओरडून सांगतो.

खरा विरोध तिघांचा. एक सेक्रेटरी, ज्यांना कुठलीही नवी गोष्ट ही स्वतःविरुद्धची चाल वाटते. दुसऱ्या खजिनदारबाई, शाळेत गणित शिकवतात आणि माणसाशीसुद्धा फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात. तिसरे तळमजल्यावरचे कर्नल. ते सैन्यात कधीच नव्हते, फक्त मिशा आहेत. तिघांनी मिळून अटी काढल्या: परवाना आणा, आवाज बाहेर येता कामा नये, आणि येणाऱ्या प्रत्येकानं नोंदवहीत नाव, पत्ता आणि येण्याचं कारण लिहावं.

"कारण कसं लिहितील?" मी म्हटलं. "माणूस लिहील का, 'रात्री झोप येत नाही, भावाशी वैर आहे'?"

"मग न लिहिण्यासारखं काय चालणार आहे आत?" कर्नल म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

परवाना कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनापुढं धंद्यांची छापील यादी होती, आणि तिच्यात समुपदेशन नव्हतं. केशकर्तन होतं, पिठाची गिरणी होती, शोभेचे मासे विकणं होतं.

"विकणार काय?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"दुरुस्ती?"

"म्हटली तर. पण ती ज्याची त्यानं करायची असते. हे फक्त ऐकतात."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आमच्याकडेही दिवसाला दोनशे लोक येऊन सांगतात. आम्ही ऐकत नाही, म्हणून पगार कमी असावा."

शेवटी त्यानं "इतर, विनाआवाज" असा रकाना स्वतःच्या हातानं काढला आणि म्हणाला, इमारतीचा ठराव आणा, मग परवाना. मी म्हटलं, इमारत म्हणते आधी परवाना आणा, मग ठराव. तो म्हणाला, बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं, आणि तुमचं? तो म्हणाला, आमचंही बरोबर आहे. आता या देवमाणसाला तिथल्या तिथं वजन करून दाखवावं असं मनात आलं. पण मी खात्यातला माणूस, मला कागदाची नस ठाऊक. मी म्हटलं, "असं लिहून द्या: ठराव झाल्यास परवाना देण्यास हरकत नाही." त्यानं माझ्याकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि शिक्का मारला. ते चिठोरं घेऊन मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. बासष्टाव्या वर्षी. गुडघ्यानं त्याचा हिशेब नंतर चुकता केला, ते सोडा.

राहिला आवाज. सेक्रेटरींनी "आधी सिद्ध करून दाखवा" म्हणून किल्ली दिली. मी सुतार बोलावला. भिंतींना जाड फळ्या, आत कापूस, दाराच्या कडेला रबर. सुतार म्हणाला, "साहेब, आत माणूस मेला तरी बाहेर कळणार नाही." मी म्हटलं, जाहिरात अशी करू नकोस.

चाचणी रविवारी सकाळी. बायकोला दाराबाहेर कान लावून उभं केलं, आत मी. आता ओरडायचं काय? "हॅलो हॅलो" ओरडून खऱ्या वापराचा अंदाज येत नाही. माल खरा तर वजन खरं. म्हणून समुपदेशकापुढं माणूस जे सांगेल तसं काहीतरी, छातीतून, पूर्ण ताकदीनं ओरडलो:

"मला या घरात कुणी विचारत नाही. निवृत्त झाल्यापासून मी फुकट जगतोय. बायको माझ्याशी बोलते ती फक्त दळणाबद्दल."

दार उघडून बाहेर आलो. "काही ऐकू आलं?"

"ओरडलात कुठं अजून?" बायको म्हणाली. "एक शब्द आला नाही."

मी हर्षानं सुताराचा हात दाबला. तेवढ्यात वर बघितलं, तर चारही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं. कुणी हळहळत होतं, कुणी खुणेनं बायकोकडे बोट दाखवत होतं. झालं असं, की त्या खोलीला मागं एक जुना संडास आहे. त्याची खिडकी पाइपांच्या डक्टमध्ये उघडते, आणि ती डक्ट प्रत्येक घराच्या न्हाणीघरात. दारातून माझा आवाज खरोखरच गेला नाही. तो चोवीस न्हाणीघरांत गेला.

पुढचे चार दिवस मी लिफ्ट वापरली नाही. वहिनी घरी येऊन बायकोला म्हणाल्या, "थोडं गोड बोलावं गं, पुरुषमाणूस खचतो." खजिनदारबाईंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं की निवृत्तीनंतर शब्दकोडी सोडवावीत. बायकोनं माझ्याशी दळणाबद्दलसुद्धा बोलणं बंद केलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "ते सगळं चाचणीपुरतंच होतं ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आवाज फार खरा होता." मग ती माझ्याजवळ बसून राहिली. खिडकी मात्र सुतारानं टेबल टेनिसच्या टेबलाचं अर्धं फळकूट ठोकून, कापूस भरून बंद केली. दुसरी चाचणी सुतारानं दिली, त्याच्या सासऱ्याबद्दल. ती वर पोचली नाही. खाली मात्र तो बाहेर येऊन बराच वेळ डोळे पुसत होता.

आता सर्वसाधारण सभा तोंडावर आली. तिच्या आदल्या गुरुवारी मेहुणीच्या जुन्या खोलीतलं कपाट नव्या खोलीत मावतं का ते मोजायला मी टेप घेऊन दंतवैद्याच्या जिन्यानं चढलो. सहाला दहा मिनिटं कमी होती. ही माझी चूक. पाचला बसलेला माणूस पाच पन्नासला बाहेर येतो, हे मेहुणीनं मला दहा वेळा सांगितलं होतं. मागचं दार उघडलं आणि एक व्यक्ती बाहेर आली. डोळे लाल. हातात चुरगळलेला रुमाल.

ती व्यक्ती त्या तिघांपैकी एक होती.

व्यक्ती हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, त्यात बाईही मावते, बुवाही मावतो. सेक्रेटरी, खजिनदारबाई की कर्नल, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही माझे वाचक असलात तरी.

आम्ही दोघं जिन्यात समोरासमोर. मग त्या व्यक्तीचा हात सावकाश गालावर गेला.

"दात," ती व्यक्ती म्हणाली.

"दात," मी म्हटलं आणि टेप धरलेला हात माझ्याही गालावर ठेवला. आम्ही एकमेकांना वाट दिली. त्या व्यक्तीचे पाय जिन्यावर असे वाजत होते, जणू एकेका पायरीला विचारून खाली जाताहेत.

आता मला जे झालं ते प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या अंगातून वीज गेली. सापडला पासंग. महिनाभर जी माणसं "तसले लोक" म्हणून नाक मुरडत होती, त्यांच्यातलंच एक माणूस गुरुवारी पाच वाजता इथं येतं. सभेत एक वाक्य, फक्त एक, आणि खोली आपली. मी तिथल्या तिथं ते वाक्य मनात तयारही केलं. चांगलं झालं होतं, शेवटी एक म्हणही होती.

घरात शिरताना माझं तोंड बघून बायकोनं ओळखलं. "कुणाला भेटलात?"

"कुणाला नाही. दात."

"तुमचे दात गेल्या वर्षीच काढलेत."

मेहुणीला विचारणं शक्य नव्हतं. ती मान हलवणारसुद्धा नाही. म्हणून मी हुंकारकाकांना फोन केला. म्हटलं, समजा एखाद्याकडे एखाद्याबद्दल एखादं वाक्य आहे आणि ते बोललं तर सगळ्यांचं भलं होतंय. तिकडून "हं" आलं. मग ते म्हणाले, "सगळ्यांचं?"

मी मनात सगळ्यांतून एक माणूस वजा केला.

"बोलावंसं वाटलं की मी मनात मोजतो," ते म्हणाले. "काहीही मोजा. वीसपर्यंत." आणि फोन ठेवला. या माणसाला लोक वेळेचे पैसे देतात, आणि बरोबर देतात.

सभा वाहनतळात. गाड्या बाहेर काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. शेवटच्या रांगेत मेहुणी, तिचे दोन सहकारी आणि हुंकारकाका. महिना संपायला तीन दिवस होते. मेहुणीच्या पर्समध्ये तक्रारकक्षाचं नेमणूकपत्र होतं. उत्तर उद्या द्यायचं होतं.

मी कागद वाचला, चिठोरं दाखवलं, बंद खिडकीचा अहवाल दिला. मग ते तिघं एकामागून एक उठले. आवाज तिघांचेही चढलेले होते, तेव्हा त्यावरून अंदाज बांधू नका. कर्नल म्हणाले, इमारतीची शिस्त जाईल. खजिनदारबाई म्हणाल्या, नोंदवही नाही तर खोली नाही, सिद्ध. आणि सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट केलं.

"शेवटचं विचारतो. या इमारतीत याची गरज कुणाला आहे? चोवीस घरं आहेत. एक माणूस दाखवा. एक. मी पहिला हात वर करतो."

मी उभा राहिलो.

वाक्य जिभेवर होतं. शेवटच्या म्हणीसकट. माझी नजर त्या व्यक्तीवर गेली, जाऊ नये तरी गेली. एक हात सावकाश गालाकडे निघाला होता. मागं बघितलं, तर मेहुणी आपल्या चपलांकडे बघत होती. खोली तिची जाणार होती, सात माणसं तिची घरी बसणार होती, आणि ती चपलांकडे बघत होती.

मी मोजायला सुरुवात केली. आकडे मला सुचत नाहीत, माझी मापं वेगळी. एक ग्रॅम. दोन ग्रॅम. पाच. दहा. वीस. पन्नास.

"बोला की," सेक्रेटरी म्हणाले.

शंभर. दोनशे. पाचशे.

लोक चुळबुळू लागले. मी बोलत नाही हे दृश्य कुणी पाहिलंच नव्हतं. कुणाला वाटलं मला झटका आला. वहिनींनी हळूच पाण्याची बाटली पुढं केली. एक किलो. दोन किलो. वाहनतळात इतकी शांतता झाली की लिफ्टची घरघर ऐकू येत होती.

आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा, जे सभेत फक्त झोपायला येतात, ते बसल्या बसल्या म्हणाले, "मी लिफ्टशी बोलतो."

सगळे वळले.

"ही गेल्यापासून. वर जाताना सांगतो आज काय आणलं ते. चौथा मजला लवकर येतो." ते सेक्रेटरींकडे वळले. "तुम्ही एक माणूस दाखवा म्हणालात, म्हणून."

पाच किलो.

"मी चार महिने कामावर जात नाही," दुसऱ्या मजल्यावरचा, झेरॉक्सचा सल्ला देणारा म्हणाला. "काढलंय मला. डबा घेऊन निघतो आणि बागेत बसतो." त्याची बायको शेजारी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "माहीत आहे. डब्याला गवत लागलेलं असतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

दहा किलो. आता मी काही बोललो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. लिफ्टवाल्या वहिनी सासूबाईंबद्दल बोलू लागल्या, आणि सासूबाई, ज्या दुसऱ्याच रांगेत होत्या, म्हणाल्या, "आता माझंही बावीस वर्षांचं ऐका कुणीतरी." हुंकारकाका मागून म्हणाले, "हं." त्या एका हंनं आणखी चार माणसं उठली. कुणी अध्यक्षांची परवानगी घेत नव्हतं. सेक्रेटरी दोन वेळा "मूळ विषयाकडे" म्हणाले आणि तिसऱ्या वेळी खुर्ची ओढून ऐकायला बसले. मी उभाच. वीस किलो झाले, माझ्याकडची वजनं संपली, म्हणून पुन्हा एक ग्रॅमवर आलो.

पन्नास मिनिटं झाल्यावर मेहुणीनं सवयीनं घड्याळ बघितलं.

कुणीतरी म्हणालं, घ्या मत. हात वर झाले. आधी एक हात गेला, त्या तिघांपैकी एका व्यक्तीचा. कुणाचा ते मी नीट पाहिलं आहे, आणि तुमच्यासाठी ते इथंच संपतं. मग उरलेले दोन गेले, मग जंगलच उगवलं. विरोधात एकच मत पडलं, गंजक्या सायकलवाल्याचं. तो अजून म्हणतो की तो ती चालवणारच होता.

नोंदवहीची अट तेवढी राहिली. खजिनदारबाईंनी ती सोडली नाही, गणितवाल्यांना एखादी तरी अट हवीच असते. पण नाव-पत्त्याचे रकाने गेले आणि फक्त येण्याचं कारण उरलं. पहिल्याच दिवशी मी वहीशेजारी पाटी लावली: कारण सुचत नसेल तर "समितीचं काम" असं लिहावं. तेव्हापासून सगळे तेच लिहितात. वहीवर विश्वास ठेवला तर आमच्या समितीत आज आठवड्याला साठ माणसं काम करतात, आणि काही तर कामावरून येताना रडत येतात. परवाना कचेरीतला कारकून तपासणीला आला होता. वही चाळून म्हणाला, एवढी मेहनती समिती मी पाहिली नाही. जाताना त्यानं दबक्या आवाजात वेळ विचारून घेतली.

सभेनंतर मेहुणी माझ्याजवळ आली होती. "भावजी, तुम्ही काही बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही," ती म्हणाली, आणि पर्समधलं नेमणूकपत्र काढून त्याचे चार तुकडे करून माझ्या हातात दिले. कचरापेटी कुठं आहे ते मलाच माहीत असतं ना.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. एक माणूस अजून माझ्यावर खवळलेलं आहे. काल सकाळीच, हे इथवर लिहिलेलं वाचून, चहाचा कप माझ्यापुढं आपटून बायको समोर बसली.

"कोण होतं हो त्या जिन्यात?"

"तुला ते जाणून घ्यावंसं वाटतंय," मी म्हटलं.

"माझ्यावर हे प्रयोग नकोत. सव्वीस वर्षं तुम्ही बोलता म्हणून मी भांडले. बोहल्यावरसुद्धा भटजींच्या तांब्याचं माप काढलंत. आणि आता, एकदा, मीच विचारतेय तर?"

"तुझा राग माझ्यापर्यंत पोचतोय."

"अजून पुरता पोचला नाही. मी तीन नावं घेते. तुम्ही फक्त मान हलवा. दळणाची शपथ, बाहेर जाणार नाही. सेक्रेटरी?"

एक ग्रॅम. दोन ग्रॅम. पाच ग्रॅम.